मागच्या भिंतीची वही: एप्रिल २०२४ ते सप्टेंबर २०२५

१४ एप्रिल २०२४

काम काय: राजापूर तालुक्यात आडिवऱ्याच्या पुढे, उतारावर असलेलं आमचं जुनं घर राहतं ठेवणं. जांभ्या चिऱ्याच्या भिंती, वर मंगळुरी कौलं, पुढे पडवी, मधे माजघर, मागे स्वयंपाकघर आणि न्हाणी. मागची भिंत डोंगराच्या अंगाला आहे आणि तीच दुखणाईत आहे. कमरेपर्यंत ओल, त्यावर पांढरा लोणा, म्हणजे भिंतीतून फुटणारे क्षार, पावसाळ्यात फडताळातल्या पिठालाही कुबट वास. घरात काकू एकटी राहते, वय ७८. दादा मुंबईला, धाकटा चुलतभाऊ कोल्हापूरला, मी रत्नागिरीत. जवळची मीच, म्हणून वही माझ्याकडे.

एक ठेकेदार येऊन गेला. चहा गार व्हायच्या आत त्याने निकाल दिला: भिंत गेली, पाडा, कॉलम घाला, वर स्लॅब टाका. अंदाज ९ लाख. अक्षय्यतृतीयेच्या आत आगाऊ रक्कम दिली तर हा भाव, नंतर सळईचं काही सांगता येत नाही. दुसरा म्हणाला, पाडायला नको, आतून-बाहेरून सिमेंटचा गिलावा करू आणि त्यात औषध घालू. दादाचा फोन आला, ‘होऊन जाऊ दे एकदाचं.’ त्याची घाई मला समजते. पावसाळ्यात फोनवर काकूचा खोकला ऐकला की त्याला झोप लागत नाही. पण पाणी कुठून येतं हे दोघांपैकी एकानेही विचारलं नाही. आणि एप्रिलात विचारून उपयोगही नाही, ते पावसातच दिसणार.

म्हणून पहिल्याच पानावर एक रीत लिहून ठेवली. जे काम पुढे ढकलू त्याच्यासमोर तीन रकाने भरायचे. कशाची वाट बघतोय. ती गोष्ट झाली हे कशावरून कळेल. कुठल्या तारखेनंतर थांबायचं नाही. यातला एक जरी रकाना कोरा राहिला तर त्याला धीर म्हणायचं नाही, ती चालढकल. सामाईक घरांची चालढकल कोकणात काय करते ते आमच्या वाडीतच दिसतं. ‘बघू पुढच्या मे महिन्यात’ असं म्हणता म्हणता दोन घरांची आढी खाली आली.

आजचे निर्णय:
छप्पर: थांबायचं नाही. या मे महिन्यातच.
संडास: थांबायचं नाही. रात्री टॉर्च घेऊन काकू परसातल्या पायऱ्या उतरते, हे एक दिवसही चालू ठेवण्यासारखं नाही.
मागची भिंत: थांबायचं. पाणी कुठून येतं ते बघण्यासाठी. खूण म्हणजे भिंतीवरच्या तारखा घातलेल्या रेघा. मुदत १५ नोव्हेंबर.

ठेकेदाराला फोन करून सांगितलं की यंदा नाही. तो नाराज झाला, पण तसं स्पष्ट सांगितलेलं त्यालाही बरंच.

२३ एप्रिल

शाकारणी सुरू. कौलं उतरवून पुसून पडवीत रचली. वानरांनी फोडलेली बरीच निघाली. सुतार मेस्त्री एकेका वाशावर हातोडीचा दांडा आपटून आवाज ऐकतात. भरीव आवाज आला तर पुढे, पोकळ आला तर खडूने फुली. सात वाशांवर फुल्या.

नवे वासे घरातच निघाले. १६ मे २०२१ ला तौक्ते वादळ किनाऱ्याजवळून गेलं तेव्हा परसातला फणस आडवा झाला. लाकडाचा व्यापारी तिसऱ्याच दिवशी दारात होता. काकू नाही म्हणाली. तिने तो कापून घेतला, गोठ्याच्या माळ्यावर रचला आणि प्रत्येक थरामध्ये पट्ट्या घालून घेतल्या, हवा खेळावी म्हणून. ओलं लाकूड सुकताना आक्रसतं आणि पिळतं, सांधे सोडतं. हे सगळं त्या लाकडाने माळ्यावर तीन वर्षांत करून घेतलं. आज मेस्त्रींनी रंधा मारला तेव्हा आतून पिवळाधमक फणस निघाला. त्यांनी काकूला हाक मारून दाखवला. तिने पदराने हात पुसून त्यावरून बोटं फिरवली आणि म्हणाली, ‘हे त्या वेळी दिलं असतं तर पैसे दिवाळीपर्यंतसुद्धा पुरले नसते.’

९ मे

भिंतीशी संबंध नसलेली, पण याच वहीत लिहावी अशी गोष्ट. सड्यावरच्या, म्हणजे वरच्या कातळ माळावरच्या, आमच्या सामाईक तुकड्यासाठी एक मध्यस्थ आला होता. रेवस-रेड्डी सागरी महामार्गाच्या कामामुळे इकडे असे लोक बरेच फिरतात. भाव ऐकायला बरा होता. अट एकच, दोन दिवसांत होकार, नाहीतर गिऱ्हाईक दुसरीकडे जाईल.

मी सातबारा काढून पुढ्यात ठेवला. त्यावर अजून आजोबांचं नाव. वारस नोंद अर्धवट, त्यातही मुलींची नावं नाहीत. ९ सप्टेंबर २००५ पासून वडिलोपार्जित मिळकतीत मुलीचा हक्क मुलाइतकाच आहे, म्हणजे मी आणि दोन्ही आत्यांची मुलं यांना विचारल्याशिवाय कोणी काही देऊच शकत नाही. फेरफाराची नोटीस निघाली तरी हरकतीसाठी १५ दिवस द्यावे लागतात. दोन दिवसांत होणारं हे काम नव्हेच. शिवाय त्या तुकड्यावर कातळशिल्प आहे का हेही कोणी नीट पाहिलेलं नाही. कशेळी आणि देवीहसोळ ही कातळशिल्पांची गावं इथून जवळ. कोकणातली कातळशिल्पं २०२२ साली युनेस्कोच्या तात्पुरत्या यादीत गेली.

रकाने भरले. वाट कशाची: वारस नोंदीची. खूण: सातबाऱ्यावर सगळ्यांची नावं. मुदत: २०२५ चे गणपती. तलाठ्याकडे अर्ज उद्याच. मध्यस्थाला सांगितलं, गिऱ्हाईकाची घाई गिऱ्हाईकाजवळ, आमचा कागद आधी सरळ होऊ दे.

२ जून

छप्पर पूर्ण. संडास पूर्ण: मागच्या पडवीच्या कोपऱ्यात, कमोड, धरायला भिंतीत दांडा. शोषखड्डा विहिरीपासून पन्नास फुटांहून लांब, उताराच्या खालच्या बाजूला. जांभा सच्छिद्र आहे, त्यातून पाणी कुठेही पाझरतं, म्हणून या अंतरात तडजोड केली नाही.

भिंत वाचायची तयारी:
आतून, आज जिथपर्यंत ओल आहे तिथे कोळशाने रेघ आणि तारीख.
चार ठिकाणी प्लास्टिकचे चौकोनी तुकडे, चारी कडा चिकटपट्टीने बंद. प्लास्टिकच्या आत, भिंतीच्या बाजूला पाणी साचलं तर ते भिंतीतून येतंय. बाहेरच्या बाजूला दव धरलं तर ते खोलीतल्या दमट हवेचं.
दोन तड्यांवर चुन्याचे ठिपके, तारीख घालून. तडा हलत असेल तर ठिपका फाटेल.

रेघा मारायचं काम काकूचं. दर सोमवारी, आणि मोठा पाऊस झाला की दुसऱ्या दिवशी. तिने कॅलेंडरशेजारी खडू आणि कोळसा टांगून ठेवला.

७ जून

पाऊस काल रत्नागिरीपर्यंत आल्याची हवामान खात्याची बातमी. इथेही झड लागली. माजघराच्या ईशान्य कोपऱ्यात तासाभरात डाग. पन्हळीजवळचं एक कौल सरकलं होतं. आजच बसवलं.

१४ जुलै

तरणा पाऊस चालू आहे, म्हणजे पुनर्वसूचा. आज सबंध दिवस भिंतीसमोर बसून सगळ्या रेघा उतरवून घेतल्या आणि मन एकदम मोकळं झालं. आम्ही आजवर ‘ओल’ म्हणत होतो ती एक नव्हतीच, त्या तीन होत्या.

पहिली छपराची. पाऊस लागला की तासाभरात येते, थांबला की दोन दिवसांत जाते. ती जूनमध्येच संपली.

दुसरी न्हाणीकडच्या कोपऱ्यातली. ही २ जूनला, पाऊस नसतानाही होती, आणि इतक्या पावसानंतरही तिची रेघ वर चढलेली नाही. जिला पावसाशी देणंघेणं नाही ती पावसाची कशी असेल? काकू आता अंघोळ नव्या संडासाशेजारीच करते, कारण तिथे धरायला दांडा आहे. जुनी न्हाणी बंद झाली आणि गेल्या तीन आठवड्यांत रेघ वीतभर खाली आली. म्हणजे न्हाणीची मोरी जमिनीखाली फुटलेली आहे. किती वर्षं ते देव जाणे.

तिसरी मधल्या भागातली, सगळ्यात मोठी. पाऊस सुरू झाला त्या दिवशी ती काहीच करत नाही. दोन-तीन दिवस सलग लागला की मग चढते, आणि उघडीप पडली तरी उतरत नाही. छपरातून किंवा पावसाच्या झोताने आली असती तर ती पावसाबरोबर आली-गेली असती. उशिरा येऊन मुक्काम ठोकणारं पाणी जमिनीतून येतं. मागे डोंगर, त्याचं मुरलेलं पाणी भिंतीच्या पायाशी पोचायला तेवढे दिवस लागतात.

चौथी गोष्ट ओल नव्हेच. फडताळामागच्या प्लास्टिकवर दव बाहेरच्या बाजूला आहे. तिथे हवाच फिरत नाही. फडताळ भिंतीपासून चार बोटं पुढे ओढलं, दुपारी खिडकी उघडी ठेवायची असं ठरलं. खर्च शून्य.

एप्रिलात स्लॅब टाकला असता तर फुटलेली मोरी जोत्याखाली तशीच राहिली असती आणि डोंगराचं पाणी नव्या भिंतीशी येऊन उभं राहिलं असतं. ९ लाखांच्या भिंतीशी.

२९ जुलै

म्हातारा पाऊस, म्हणजे पुष्याचा. मधली रेघ साडेतीन फुटांवर. चुन्याचे ठिपके शाबूत.

१० सप्टेंबर

आज गौरी आल्या. घरात सगळे चाकरमानी. दुपारी जेवणं झाल्यावर माजघरातच बसलो, भिंत समोर.

धाकट्याचं म्हणणं होतं की एक अख्खा पावसाळा घालवला. त्याच्या बोलण्यात तथ्य होतं एका ठिकाणी: ओलीचं कारण कळलं म्हणून भिंत मजबूत आहे असं सिद्ध होत नाही. ते त्याने विचारलं म्हणून बरं झालं. चिऱ्याच्या मेस्त्रींनी त्याच्यासमोर ओळंबा लावला. भिंत सरळ आहे. ठिपके फाटलेले नाहीत, म्हणजे तीन महिन्यांच्या पावसात तडे हललेले नाहीत. चिरे कुठे भुसभुशीत झालेत तेही टोचून पाहिलं. जोत्याजवळचे काही बदलावे लागतील. मेस्त्री म्हणाले, ‘भित बरी हाय. तिला पान्यात उभी केलीत, ती काय करंल?’

दादा बराच वेळ रेघा बघत होता. मग त्याने फक्त एवढंच विचारलं, ‘या सगळ्या काकूने मारल्या?’ काकू आत पातोळ्या उकडत होती.

ठरलं: न्हाणीची मोरी नवी. मागच्या परसात चर. बाहेरचा सिमेंटचा गिलावा काढायचा, सांधे चुन्याने भरायचे. सुरुवात १५ नोव्हेंबरला, रकान्यात लिहिलं होतं त्याच तारखेला. मजुरी-सामान धरून पहिल्या अंदाजाच्या पाव हिश्शातही बसेल.

१८ नोव्हेंबर

खणायला सुरुवात केली आणि भिंतीच्या पायाशी दीड-दोन फूट खाली जोत्याचा कट्टा लागला. तो कोणाला आठवतच नव्हता. डोंगरावरची माती दर पावसात थोडी थोडी खाली येत गेली आणि परस जोत्याच्या वर गेला. घर कधी खचलं नाही, जमीनच चढली.

माती उपसून परसाला घरापासून बाहेर उतार दिला. भिंतीपासून चार फुटांवर लांब चर, तळाशी मोठे दगड, वर बारीक, आणि त्याचं तोंड खालच्या व्हाळाला, म्हणजे ओढ्याला. साधं काम आहे. आजोबांच्या वेळी असा चर होता असं काकू सांगते, दर वैशाखात तो उपसला जायचा. घरातली माणसं मुंबईला गेली आणि उपसणं थांबलं.

२७ नोव्हेंबर

सिमेंटचा गिलावा छिन्नीने काढला. पाऊस जाऊन इतके दिवस झाले, तरी त्याच्याखालचे चिरे हाताला गार आणि ओले. जांभा पाणी पितो आणि सोडतो, त्याचा स्वभावच तो. सिमेंटने त्याला सोडायची वाट ठेवली नाही, म्हणून पाणी घराच्या आत निघालं आणि येताना क्षार घेऊन आलं. तोच लोणा.

चिऱ्याच्या खाणीत उभं राहिलं की हा दगड किती सबुरीचा आहे ते कळतं. फ्रान्सिस बुकानन याने १८०७ साली छापलेल्या प्रवासवर्णनात मलबारातल्या या दगडाबद्दल लिहिलं की खाणीत तो लोखंडी अवजाराने सहज कापता येतो आणि हवेवर आला की विटेसारखा कठीण होतो. आमचे मेस्त्री बुकानन न वाचता तेच करतात. बदलायचे चिरे त्यांनी आजच आणवले आणि अंगणात उन्हात मांडून ठेवले. फेब्रुवारीपर्यंत त्यांना हात लावायचा नाही.

४ डिसेंबर

काकूच्या डोळ्यांचं. ती गेली दोन वर्षं ‘मोतीबिंदू पिकला की करू’ म्हणत होती. तिच्या आईचं तसंच झालं होतं, आणि त्या काळी डॉक्टर खरोखरच पिकायची वाट बघायला सांगत. आता तशी गरज नाही. दिसण्यात अडचण येऊ लागली की शस्त्रक्रिया करता येते, उलट फार पिकलेला मोतीबिंदू काढायला जास्त अवघड. रत्नागिरीच्या डॉक्टरांनी हे तिला चित्र काढून समजावलं.

घरी येऊन मी वहीतले तीन रकाने तिच्यापुढे धरले. कशाची वाट बघतेस? तिने वाचलं, चष्मा काढला, पुन्हा घातला. म्हणाली, ‘अगो, कशाचीच नाही. भीती वाटते.’ मग आम्ही भीतीबद्दल बोललो. तारीख ८ जानेवारी घेतली.

घरातली निम्मी ‘थांबूया’ आतून भीतीची असतात असं मला वाटू लागलंय. त्यात वाईट काही नाही, पण भीती आहे असं म्हटलं की तिच्यावर काही करता येतं. ‘अजून वेळ आली नाही’ म्हटलं की काहीच करता येत नाही.

७ डिसेंबर

कळीचा चुना आणला. मेस्त्रींनी हौदात पाणी आधी घेतलं, मग चुना थोडा थोडा सोडला. उकळी फुटते, डोळ्यांत उडाला तर डोळा जायचा, म्हणून पोरांना लांब ठेवलं. विरलेल्या चुन्यावर चार बोटं पाणी ठेवून हौद झाकला. किती दिवस ठेवायचा विचारलं तर म्हणाले, लोणच्यासारखा मुरू दे, निदान दोन महिने.

त्यांच्या हाताखालचा मुलगा म्हणाला, थोडं सिमेंट मिसळलं तर लवकर धरेल. प्रश्न रास्त आहे, म्हणून उत्तर लिहून ठेवते. सांधा चिऱ्यापेक्षा कठीण झाला तर पाणी सांध्यातून निघत नाही, चिऱ्यातून निघतं आणि चिरा झिजतो. सांधा चिऱ्यापेक्षा मऊ हवा. झिजायचं ते त्याने, कारण सांधा पुन्हा भरता येतो, चिरा भरता येत नाही. चुना हवेतला कार्बन डायऑक्साइड घेऊन हळूहळू पुन्हा दगड होतो. ते व्हायला महिने लागतात आणि त्या काळात त्याला उन्हापासून जपावं लागतं. घाईला जागाच नाही त्यात.

८ जानेवारी २०२५

काकूचा उजवा डोळा झाला. छान.

१९ जानेवारी

भिंत अजून पूर्ण सुकली नाही. बाहेरून लावलेल्या प्लास्टिकमागे सकाळी पाणी दिसतं. मेस्त्री मोकळे आहेत, चुना तयार होत आलाय, मजूर विचारतात. तरी नाही. वाट कशाची: सलग आठ दिवस प्लास्टिकमागे कोरडं. मुदत: २० फेब्रुवारी, कारण त्यानंतर ऊन तापतं आणि चुन्याला मे महिन्याआधी पुरेसा वेळ मिळत नाही. तोवर कोरडं झालं नाही तर काम पुढच्या हिवाळ्यावर, आणि तसं आत्ताच सगळ्यांना कळवलं. मजुरांना आंब्याच्या बागेत फवारणीचं काम मिळालं, त्यांचा रोज बुडाला नाही हे महत्त्वाचं.

१३ फेब्रुवारी

आठ दिवस कोरडं. उद्यापासून.

२ मार्च

जोत्याजवळचे खराब चिरे काढून अंगणातले बसवले. सांधे खरवडून, धुऊन, चुना आणि नदीची धुतलेली वाळू एकास तीन. खाडीची वाळू घेतली नाही, त्यात मीठ. दरजा भरून झाल्या तिथे ओली गोणपाटं टांगली. सकाळ-संध्याकाळ पाणी मारायचं काम काकूने मागून घेतलं. नवा डोळा आलाय, तिला दरजेतली केसाएवढी चीर दिसते आणि ती मेस्त्रींना बोलावून दाखवते. मेस्त्री आधी वैतागले, आता स्वतःच विचारतात, ‘काकू, बघा जरा.’

११ मार्च

शिमगा. पालखी घरोघर फिरणार, मेस्त्री खेळ्यांत. पुढचे काही दिवस काम बंद, आणि कोणी फोन करायचा नाही. गोणपाटं ओली ठेवणं चालू.

२६ मे

यंदा पाऊस सगळ्यांच्या आधी आला. २४ ला केरळात पोचला. त्याच दिवशी अरबी समुद्रातलं तीव्र कमी दाबाचं क्षेत्र रत्नागिरीजवळ किनाऱ्यावर चढलं, काल देवगडपर्यंत मोसमी पाऊस आल्याचं जाहीर झालं, आज मुंबई. मुंबईत त्याची नेहमीची तारीख ११ जून. वाडीत निम्म्या घरांची कौलं अजून उतरवलेली होती, ‘मिरगाच्या आधी करू’ म्हणून. काल रात्री ताडपत्र्या घेऊन सगळी पोरं इकडून तिकडे धावत होती.

आमची कौलं या वर्षी १२ मे पर्यंत चाळून झाली होती. छप्पर ‘थांबायचं नाही’ या यादीत होतं म्हणून. ज्याची तारीख आपल्या हातात नाही अशा गोष्टीच्या अगदी कडेपर्यंत काम न्यायचं नाही, हे नियमांत जोडलं. चर परवाच उपसला. काल रात्री त्यातून पाणी व्हाळाकडे पळत होतं, काकूने फोनवर आवाज ऐकवला.

२० जुलै

मधली रेघ एका फुटावर. गेल्या वर्षी याच सुमाराला साडेतीन. न्हाणीकडचा कोपरा कोरडा. लोणा अजून फुटतो, पण कमी. भिंतीत बसलेले क्षार एका वर्षात जाणार नाहीत. काकू दर आठवड्याला कोरड्या कुंच्याने तो झाडून घराबाहेर टाकते. पाण्याने पुसायचा नाही, नाहीतर तो विरघळून पुन्हा आत जातो.

३० ऑगस्ट

गणपतीत पुन्हा माजघरात बैठक. आधी सातबारा: जूनमध्ये सगळ्यांची नावं लागली, माझंही, आत्यांच्या मुलांचंही. सड्याचा तुकडा विकायचा की नाही यावर प्रथमच सगळे हक्कदार एका खोलीत बोलले. विकायचा नाही असं ठरलं, निदान आधी तो मोजून, नीट पाहून घ्यायचा. आत्याचा मुलगा म्हणाला, मला कोणी काही विचारेल असं वाटलंच नव्हतं. हे ऐकून मला बरंही वाटलं आणि वाईटही.

मग भिंत. धाकट्याला आतला गिलावा आणि रंग दिवाळीच्या आत हवा आहे. त्याच्या मुलीचा साखरपुडा घरात करायची इच्छा आहे, आणि पोपडे आलेल्या भिंतीसमोर पाहुणे बसवायचे म्हणजे त्याला लाज वाटते. ही काही फालतू गोष्ट नाही. मी नाही म्हणून मोकळी झाले नाही. एक फुटाची ओल असताना गिलावा केला तर तो फुगून पडेल हे त्यालाही दिसत होतं. मग दादानेच मार्ग काढला: वरचा भाग, रेघेच्या बराच वर, आता चुन्याची सफेदी करून घ्यायची. ती श्वास कोंडत नाही आणि स्वस्त आहे. खालचे तीन फूट तसेच उघडे ठेवायचे, समोर बाक आणि त्यावर सतरंजी. साखरपुडा घरातच. आतल्या गिलाव्याचे रकाने: वाट भिंत सुकण्याची, खूण आठ दिवस कोरडं प्लास्टिक, मुदत २० फेब्रुवारी २०२६.

धाकट्याने वही मागून घेतली आणि ते तीन रकाने त्याने स्वतः भरले.

१२ सप्टेंबर

चाकरमानी गेले. दादाने मुंबईहून फोन करून विचारलं की तिथल्या घराच्या नोंदणीसाठी बिल्डर रविवारपर्यंतच सवलत देतोय, काय करू. मी म्हटलं, रकाने सांग. त्याने दोन सांगितले, तिसऱ्यावर थांबला. मग स्वतःच म्हणाला की बांधकाम परवानगीचे कागद अजून पाहिलेलेच नाहीत. महारेराच्या, म्हणजे बिल्डरांवर लक्ष ठेवणाऱ्या सरकारी प्राधिकरणाच्या, संकेतस्थळावर प्रकल्पाचा क्रमांक घालून बघणार आहे, आणि सोसायटीतल्या एका वकिलाला दाखवणार आहे. रविवार गेला तर जाऊ दे.

पुढची कामं:
सफेदीसाठी विरलेला चुना हौदात शिल्लक आहे तो पुरेल. कुंचे अंबाडीचे, राजापूरच्या बाजारात मिळतात.
काकूचा डावा डोळा, ११ नोव्हेंबर.
हस्त नक्षत्राचा पाऊस झाला की शेवटची रेघ, मग चराचं तोंड तपासायचं. गेल्या आठवड्यात वरून एक धोंडा गडगडत येऊन तिथे अडकलाय, दोघांनी पहार घालून काढावा लागेल.
बाहेरची वायव्येकडची दोन फूट दरज उकरलेली दिसते, बहुतेक उंदीर. मेस्त्रींना १५ डिसेंबरनंतरची तारीख सांगितली आहे. वाळू त्याआधी आणून धुऊन ठेवायची.